ऐकू जाईल अशी प्रार्थना

२ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी चहा पिताना मुलगी म्हणाली, "पप्पा, लिफ्टवाल्यांनी मला विचारलंय."

ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. त्यामुळे चर्चमधले लोक तिला रस्त्यात गाठतात आणि आ करून दाखवतात. मला वाटलं, तसलंच काहीतरी. म्हटलं, "काय विचारलं? दाढ की सुळा?"

"लग्नाचं."

लिफ्टवाला म्हणजे आमच्या गायकमंडळात मागच्या रांगेत खर्जात गातो तो. लिफ्ट दुरुस्त करतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस वाईट नाही. आता त्याला बंदराच्या गावी एका मोठ्या इस्पितळाच्या लिफ्ट सांभाळायचं काम मिळालंय. महिनाअखेरीस जाणार, त्याआधी उत्तर हवंय म्हणे.

मी कप खाली ठेवला. मन अगदी शांत होतं, याचंच मला नवल वाटलं. म्हटलं, "बाळ, हे ठरवणारे आपण कोण? देवाची इच्छा काय ते पाहू. प्रार्थनेत ठेवू."

"बरं," ती म्हणाली.

शाळेच्या सहलीच्या वेळी मी हेच म्हणालो होतो. पुढे त्या परगावच्या नोकरीच्या वेळी आणि मग ते पहिलं स्थळ आलं तेव्हाही. देवाने दर वेळी मार्ग दाखवला आणि ती घरीच राहिली.

जेवणाआधीची प्रार्थना आज सुरेख झाली. शब्द आपोआप येत गेले. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू शांती पसरत गेली. भुवयांच्या मधोमध तेवढी एक आठी होती, ती "थकलेले हात" या शब्दांपाशी जरा खोल झाली.

३ सप्टेंबर, बुधवार

बुधवारची प्रार्थना-बैठक ऑर्गनवाल्या बाईंच्या घरी झाली. चर्चमध्ये ऑर्गन त्याच वाजवतात, आणि कोण उशिरा आलं हे पाठीमागे न बघता सांगतात. खुर्च्या गोल मांडायच्या, एकेकाने विषय सांगायचा, मग त्यासाठी प्रार्थना करायची, अशी आमची रीत. कोणाच्या पाठीमागे बोलणं आम्ही पाप समजतो. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलं तर चालतं.

माझी पाळी आली. मी कोणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो, "माझ्या जवळची एक व्यक्ती दोन वाटांच्या तोंडाशी उभी आहे. एका वाटेवर कर्तव्य आहे आणि दुसऱ्या वाटेवर नुसती ओढ. तिला देवाची इच्छा कळावी."

सगळ्या माना एकदम माझ्या मुलीकडे वळल्या. ती मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकाचा कोपरा नखाने सरळ करत बसली होती. लिफ्टवाला दाराजवळ होता. त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मी निघताना बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमची प्रार्थना म्हणजे कविताच हो!" मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज एक गंमत झाली. प्रार्थना करता करता तोंडून ओळ निघाली, "प्रभो, ठेव हा दीप माझ्या घराशी." आणि माझ्या ध्यानात आलं की हे तर चोख भुजंगप्रयात! ल गा गा, ल गा गा. प्रार्थना चालू असतानाच मी मांडीवर बोटांनी ठेका मोजून पाहिला. एक मात्रा इकडची तिकडे नाही.

आमचे कवितेचे मास्तर आठवले. टेबलावर डस्टर आपटून वृत्त शिकवायचे, खडूची धूळ उडायची आणि त्या धुळीत आम्ही चाळीस पोरं डोलत असायचो. मला बाकावर उभं करून म्हणायचे, "आवाज ऐका याचा. पाठांतर सगळे करतात, पण ऐकवता याला येतं." पुढे सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. तिथल्या घरघरीत ऐकवायचं कोणाला? पंपांनाच ऐकवायचो. तेही बिचारे कधी मध्ये बोलले नाहीत.

मुलीने आज आमेन म्हटलं नाही. उठून स्वयंपाकघरात गेली. गहिवरली असावी.

७ सप्टेंबर, रविवार

उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर बायकांनी तिला घेरलं. मी लांबून पाहत होतो. ती मान हलवत होती, हसतही होती. ऑर्गनवाल्या बाई मग माझ्याकडे आल्या.

"आम्ही बोललो हो तिच्याशी. म्हटलं, बाप हा एकदाच मिळतो."

"मी तिला काहीच बोललेलो नाही," मी म्हटलं. "मी फक्त देवापाशी बोलतो."

"तेच तर. तुमचा मोठेपणा."

वाटेत मी आकाशाच्या रंगाबद्दल काहीतरी बोललो. ती म्हणाली, "पप्पा, जरा गप्प चालू या का?"

८ सप्टेंबर, सोमवार

आज तिच्या आईची फार आठवण आली. माझी प्रार्थना रंगात आली की ती मध्येच मोठ्याने "आमेन!" म्हणायची आणि उठायची. मी रागवायचो, तर म्हणायची, "दूध उतू जाईल." एकदा मी जाऊन पाहिलं, शेगडीवर दूधच नव्हतं. "मग उतू काय जात होतं?" असं विचारलं. म्हणाली, "तुम्ही." आम्ही दोघं किती हसलो होतो तेव्हा. थट्टेखोर बाई.

९ सप्टेंबर, मंगळवार

माझी कवळी सैल झाली आहे. मुलीच्याच हातची. काल प्रार्थनेत "परात्पर" म्हणताना खाली घसरली. ती म्हणाली, "द्या, आतून नवीन थर देऊन आणते. दोन दिवस लागतील."

"अगं, उद्या बैठक आहे. मी बोलणार कसा?"

"ऐका उद्या," ती म्हणाली आणि डबीत घालून घेऊन गेली.

१० सप्टेंबर, बुधवार

लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

तोंडाचं बोळकं घेऊन बैठकीला गेलो. रुमाल ओठांशी धरून कोपऱ्यात बसलो. मुलगी समोर, लिफ्टवाला पुन्हा दाराशी. माझी पाळी आली तेव्हा मी हातानेच नाही म्हटलं. ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या, "असू द्या भाऊ, तुमचा भार मी उचलते." आणि त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली.

"प्रभो, आमच्यातल्या एका मुलीला देहाच्या मोहापासून वाचव. वय झालंय तिचं, तिला शहाणपण दे. म्हाताऱ्या बापाला टाकून जाणारीला कुठे सुख लाभत नाही, हे तिला दाखव. आणि जो कोणी तिला भुरळ घालतो आहे, त्याला तुझा धाक वाटू दे."

 

मला ओरडून थांबवावंसं वाटलं, पण दात नव्हते. आणि असते तरी काय म्हणणार होतो? त्यात माझ्या मनातलं नाही असं एक अक्षर नव्हतं. माझीच प्रार्थना होती ती, फक्त वरची कविता काढून घेतलेली. बाई भोळ्या आहेत. मी जे कशिदा काढून गुंडाळून दिलं होतं, ते त्यांनी उलगडून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं.

मी पाहिलं. मुलीचे कान लाल झाले होते. लिफ्टवाला "आमेन" होण्याआधीच उठून गेला. दार मात्र त्याने अगदी हळू ओढून घेतलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

मुलगी कामावरून आली. पर्स न काढताच म्हणाली, "मी त्यांना नाही म्हणून सांगितलं."

"देवाची इच्छा," माझ्या तोंडून गेलं. सवय, दुसरं काय.

तिने डबी उघडली आणि कवळी दिली. "लावा. चावा. पुन्हा चावा." बोटाने कडा तपासली. आईसारखीच आहे, रागात असली तरी हातचं काम नीट करते. मग समोर खुर्ची ओढून बसली.

"नीट बसली? आता बोला. प्रार्थनेत जे बोलणार असाल ते आत्ताच बोला, माझ्याशी."

"असं काय ते? मी देवाशी बोलतो, बाळ."

"देवाशी बोलताना माझ्याकडे कशाला बघता?"

"मी?"

"डावा डोळा किलकिला करून. लहानपणापासून बघतेय मी. एक वाक्य टाकायचं आणि बघायचं, लागलं का."

"म्हणजे तूही प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतेस?" मी म्हटलं.

हे मी म्हटलं. या वयात, या घडीला, मला हेच सुचलं की आधी तिची चूक पकडावी.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही कधी बघताय ते बघायला. आईला पण माहीत होतं. म्हणून तर ती आमेन म्हणायची."

मग ती रडली नाही, ओरडली नाही. तिने भाजी चिरायला घेतली. मला वाटत होतं तिने ताट तरी आपटावं. तिने रोजच्यासारखं वाढलं. जेवणाआधी दोघंही माना खाली घालून बसलो आणि कोणीच काही बोललं नाही. मग तिने चमचा उचलला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आईला पण माहीत होतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

लिफ्टवाल्याला भेटायला गेलो. बाजारामागच्या एका कचेरीत काम चालू होतं. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं, समोर साखळी लावलेली आणि तो खाली खड्ड्यात, दिव्याच्या उजेडात.

"कोण?"

"मी आहे."

"काका? मागे सरा, पाय सांभाळा."

मी वाटेत भाषण जुळवलं होतं. बोलायला लागलो तर आवाज त्या उभ्या पोकळीत असा काही घुमला की क्षणभर मला तो आवडला. हेही लिहून ठेवतो. माफी मागायला गेलेला माणूस आपल्या आवाजावर खूश होतो!

म्हटलं, "तिचं ते नाही तिचं नव्हतं. माझं होतं. मनावर घेऊ नका. माझी आता काही हरकत नाही. तुम्ही होच समजा."

तो वर आला. चिंधीने हात पुसत राहिला. तेलकट हात असे पुसून निघत नाहीत हे त्यालाही माहीत असणार.

"काका, ते नाही तुमचं होतं म्हणता. मग हे हो कोणाचं?"

मी समोरची साखळी चाचपत राहिलो.

"मी तिला विचारलं होतं, तुम्हाला नाही. तिने नाही म्हटलं, ते मी ऐकलं. उद्या वेगळं म्हणाली तर तेही ऐकेन. पण तुमच्या तोंडून नको."

"बैठकीत जे झालं..."

"देहाचा मोह म्हणे!" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "अहो, पन्नाशी उलटलीय माझी. गुडघे दुखतात. संध्याकाळी घरी गेल्यावर कोणीतरी 'आलात?' म्हणावं एवढाच मोह आहे. आता तिथे पुन्हा तोंड कसं दाखवू?"

चहा घेता का, असंही विचारलं त्याने. मी नको म्हटलं. त्याच्या हातचा चहा प्यायची माझी लायकी नव्हती.

१४ सप्टेंबर, रविवार

तिला सांगितलं. न सांगून भागलं नसतं.

ती हातातली इस्त्री उभी ठेवून म्हणाली, "आधी तुम्ही माझं नाही म्हणालात. आता होही तुम्हीच म्हणून आलात?"

"चुकलो. मला क्षमा कर. बुधवारी बैठकीत सगळ्यांसमोर उभा राहतो, कबूल करतो. प्रार्थनेत..."

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की मी दचकलो. "हात जोडते पप्पा, आता आणखी एक प्रार्थना नको. बाई रडतील, तुम्ही रडाल, सगळे म्हणतील काय सुंदर बोलले. आणि मी पुन्हा तिथे मधोमध बसलेली."

"मग मी काय करू?"

"काही करू नका," ती म्हणाली. "ते जमतं का बघा."

१७ सप्टेंबर, बुधवार

बैठक. दात होते, आवाज होता. माझी पाळी आली आणि मी मान खाली घालून राहिलो. मंडळी थांबली. बाई खाकरल्या. "भाऊ, घसा बसलाय का?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाही ठाऊक नाही. शेवटी शेजारच्याने सुरुवात केली.

आयुष्यभर देवाच्या इच्छेवर बोललो. गप्प बसायला एवढं बळ लागतं हे ठाऊक नव्हतं. तोंडात वाक्यं येत होती, चांगली वाक्यं, यमकाची. एकेक गिळलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

ती काल संध्याकाळी बाहेर गेली होती. कुठे ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. "जेवलीस का?" हे विचारलं, आणि ते विचारतानाही वाटलं की यातही मी काहीतरी चाचपतोय. माझा कोणता शब्द आता साधा उरला आहे?

२८ सप्टेंबर, रविवार

लिफ्टवाला काल गेला. गायकमंडळाच्या मागच्या रांगेत आज एक जागा रिकामी होती, आणि गीताला तळच नव्हता. मुलगी माझ्या शेजारी गात होती. नेहमीसारखी. त्यावरून काहीच कळलं नाही.

गेले सात-आठ दिवस काही कळत नाही. ती जाणार असेल तर मी काय करीन, राहणार असेल तर कोणत्या तोंडाने तिच्या हातचं खाईन, दोन्हींचा घोर सारखाच. देवाला विचारावं म्हणून हात जोडतो आणि तेवढ्यात मनात एक ओळ जुळायला लागते. हात सोडतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

भांडी विसळता विसळता म्हणाली, "मी हो म्हटलंय त्यांना."

"कधी?"

"ते गेले त्याच्या आदल्या रविवारी. "

म्हणजे मी ज्या रात्री 'जेवलीस का' विचारलं ती. "मग मला का नाही सांगितलंस?"

"बघत होते," ती म्हणाली. "जमतं का तुम्हाला."

जमलं की नाही ते तिने सांगितलं नाही. ओली ताटली माझ्या हातात दिली. मी पुसली. मला वाटलं, आता ती म्हणेल, तुम्हीही चला आमच्याबरोबर. मी ताटली पुसतच राहिलो. ती तसं म्हणाली नाही. न म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, हे कळायला मला ती ताटली कपाटात ठेवेपर्यंतचा वेळ लागला.

५ ऑक्टोबर, रविवार

पाळकांनी आज दोघांची नावं मंडळीत वाचली आणि नियमाप्रमाणे विचारलं, "या विवाहाला कोणाची हरकत असल्यास त्याने सांगावं."

अख्खं चर्च माझ्याकडे वळलं. पाळकांनी चष्म्यावरून पाहिलं. लिफ्टवाला सुट्टी काढून आला होता, त्यानेही. एकटी मुलगी पुढे बघत होती. माझ्याकडे बघायची तिला गरज नव्हती, की भीती होती, कोण जाणे. ज्या माणसाच्या हरकतीसाठी एवढी शांतता पसरते, तो माणूस काय होऊन बसला होता हे मला तेव्हा दिसलं. जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं.

बाहेर पायऱ्यांवर बाई जवळ आल्या. "भाऊ, देवाने या खेपेला ऐकलं नाही वाटतं तुमचं?"

"ऐकलं असणार," मी म्हटलं. "म्हणूनच."

त्यांना ते समजलं नाही. पण खाली जाऊन त्यांनी मुलीचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी बोलल्या. मुलीने त्यांना मिठी मारली. माणसं किती पटकन क्षमा करतात, आणि आपण ती किती पटकन खिशात घालतो.

१ नोव्हेंबर, शनिवार

लग्न झालं. पाळकांनी मला वधूपित्याच्या नात्याने प्रार्थना करायला सांगितलं. मी उठलो. ती माझ्याकडे बघत होती, उघड, दोन्ही डोळ्यांनी. मी म्हणालो, "देवा, यांना सांभाळ." आणि खाली बसलो.

मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं, "बरे आहेत ना हो काका?"

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळच्या गाडीने गेली. डब्यावर डबे ठेवून गेली, कशात काय आहे ते प्रत्येकावर लिहून. दारात जावयाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "काका, येत जा." ती म्हणाली, "कवळी रोज रात्री पाण्यात ठेवा." मग दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आली, मला घट्ट धरलं.

दिवस कसातरी गेला. संध्याकाळी एकट्यापुरतं सूप गरम केलं, टेबलाशी बसलो. सवयीने दिवा लावला, खाकरलो, "हे कृपावंता" अशी सुरुवात केली. शब्द समोरच्या भिंतीवर आपटून परत आले. पुढचं काही आलंच नाही.

मी वाट पाहिली. एक ओळ, अर्धी ओळ. आयुष्यभराचा धबधबा, आणि नळाला थेंब नाही. समोर तिची खुर्ची रिकामी. तिच्याआधी तिथे तिची आई बसायची. ऐकायला कोणी नव्हतं, तर मला बोलायलाही काही नव्हतं. मग इतकी वर्षं मी या टेबलाशी नक्की कोणाशी बोलत होतो? भरल्या घरात, देवाचं नाव घेऊन, कोणाशी?

लाज इतकी वाटली की तोंड ओंजळीत लपवलं. रिकाम्या घरात.

सूप निवलं. त्यानंतर कधीतरी, ओंजळीतूनच, मला स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू मी म्हणालो, "मला ती परत हवी आहे."

थोडा थांबलो.

मग म्हणालो, "तू देऊ नकोस."